गळावर टिकणारं खारवलेलं आमिष: मिठाला हात आखडता घेऊ नका

पुण्याकडच्या एका भावाने विचारलंय की धरणाच्या बॅकवॉटरला शिंगटी नी शिवडा या गोड्या पाण्यातल्या मिशाळ माशांसाठी तो कच्चं चिकन लावतो, पण जोरात फेकलं की तुकडा एकीकडे नी दोराचं शिशाचं वजन एकीकडे, आणि जे गळावर राहतं तेही पाण्यात अर्ध्या तासात लिबलिबीत होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून चमचाभर मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बघितलं तर सकाळी उलट आणखी मऊ. मग मिठाने मांस घट्ट होतं हे खरं का, किती घालायचं, लसूण-बिसूण काय टाकायचं, आणि फ्रीज नसला तर टिकतं का.

खरं आहे. फक्त चमचाभर मिठाने बरोबर उलटं होतं नी तुमच्या डब्यात तेच झालं. मांसाला थोडं मीठ मिळालं की त्याचे धागे फुगतात नी पाणी धरून ठेवतात, ५-६ टक्के मिठाच्या पाण्यात तर सगळ्यात जास्त, म्हणून तर हॉटेलवाले चिकन तळायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवतात, आतून रसदार राहावं म्हणून. आपल्याला रसदार नकोय, आपल्याला चामड्यासारखं चिवट हवंय. मीठ वाढवत नेलं, मांसातल्या पाण्यात ते १५-२० टक्क्यांच्या वर पोचलं, की काम उलटं सुरू होतं, धागे आकसतात, पाणी बाहेर पडतं, तुकडा बारीक नी घट्ट होत जातो. म्हणजे मीठ "बेताने" घालणं हाच घोटाळा आहे. जेवणाच्या अंदाजाने घातलं की आमिष गेलं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची कृती सोपी आहे, कुणीही करेल.

मी चिपळूणचा, वाशिष्ठीत आणि खाली दाभोळ खाडीत गरवतो, म्हणजे गोडं पाणी, खारं पाणी दोन्ही. कोकणात खारवणं नवीन नाही, बांगडा पोटात चिरून, मीठ चोळून, थरावर थर लावून वर वजन ठेवायचं हे मासळीवाल्या बायका पिढ्यान्पिढ्या करतायत, आपण तेच करायचंय फक्त खाण्यासाठी नाही, गळासाठी. त्या बायकांना मीठ घालताना एकदा बघा, हात आखडता नसतो.

आता मांस कुठलं. चिकनमध्ये ब्रेस्ट बोनलेस. लोकांना वाटतं एवढं महागाचं कशाला, लेगपीसचं घेऊ, पण मांडीच्या मांसात चरबी नी पडदे असतात, कसंही कापलं तरी वेडावाकडं तुटतं, ब्रेस्टचे धागे लांब नी एका दिशेत असतात. अर्धा किलोत भरपूर तुकडे होतात, आपण कुठे रोज जातो. दुकानातून ताजं घ्या, त्याला सांगा पाण्याने धुऊ नको. फ्रोझन पाकिटातलं घेतलंत तर ते वितळताना खूप पाणी सोडतं नी धागे आधीच ढिले झालेले असतात, मीठ लावून घट्ट होतं पण ताज्याइतकं नाही.

पेटा (कोंबडीचं जठर) असेल तर त्याला खारवायचीसुद्धा गरज नाही खरं तर, तो मुळातच इतका चिवट की गळावरून काढायला सुरी लागते. पण पेट्याला रस कमी, वास कमी. कलेजी बरोब्बर उलटी, रक्त भरपूर, वास मस्त, आणि टिकायला अगदी शून्य. कलेजीचं वेगळं सांगतो पुढे. मटण कशाला लावायचं मला कळत नाही, पैसे जास्त आले असतील तर लावा.

कापण्याकडे नीट लक्ष द्या कारण अर्धं काम तिथेच होतं. ब्रेस्ट हातात घेतलं की पांढरे धागे एका दिशेने गेलेले दिसतात. भाजीसाठी आपण धाग्यांना आडवं कापतो म्हणजे चावायला मऊ लागतं, इथे धाग्यांच्या दिशेनेच कापायचं, उभ्या पट्ट्या. बोटाएवढी जाड, बोटभर लांब. मग गळ टोचताना धाग्यांना आडवा टोचायचा म्हणजे एकेक धागा गळाला अडकून धरतो. आडवं कापलेला तुकडा कितीही खारवा, फेकताना झटका बसला की धागे सुटून येतात आणि मग लोक म्हणतात मिठाचा काही उपयोग नाही. कापायला अवघड जात असेल तर ब्रेस्ट तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, अर्धवट कडक झालं की सुरी सरळ जाते. बारीक चौकोनी तुकडे करू नका, सुकल्यावर ते अजून बारीक होतात आणि मग मोठ्या गळावर दिसतच नाहीत.

मीठ जाडं घ्या, खडे मीठ, आपलं मिठागरातलं. बारीक टेबल सॉल्ट चालत नाही असं नाही, पण ते चटकन विरघळून पाणी होतं, नी जिथे जास्त पडलं तिथे वरची साल पटकन कडक होते आणि आत पाणी तसंच. आयोडीनमुळे मासे लागत नाहीत असं बरेच जण सांगतात, मला त्यात दम वाटत नाही, जाडं मीठ स्वस्त आहे आणि हळूहळू विरघळतं एवढंच कारण माझ्यासाठी पुरे आहे. अर्ध्या किलोला दीड-दोनशे ग्रॅम पहिल्या खेपेला. हो, एवढं. प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्या, ॲल्युमिनियमचं भांडं मुळीच नको, मीठ ते खातं आणि काळं पाणी आमिषाला लागतं. तळाला मिठाचा थर, वर पट्ट्या एकमेकींना न चिकटता, वर मीठ, परत पट्ट्या. वरून एखादी बशी उपडी ठेवून तिच्यावर पाण्याची बाटली ठेवा म्हणजे दाब येतो.

फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी डब्यात गुलाबीसर पाणी साचलेलं असतं, चांगलं वाटीभर निघतं कधीकधी. ते ओतून द्या पण मोरीत नाही, बाटलीत भरा. त्या पाण्यात मांसाचा रस उतरलेला असतो, नी माशाला जो वास नी चव लागते ती तिथेच आहे. गव्हाचा कोंडा किंवा शिळ्या पावाचा चुरा त्यात कालवून गोळे करा आणि जिथे गळ टाकणार तिथे दोन-चार आधी टाका. बाजारातून चारा विकत घेण्यापेक्षा हे बरं.

पाणी काढलं की पट्ट्या चाळणीत निथळत ठेवा, जुनं मीठ झटकून टाका आणि नवीन मीठ मूठभर चोळून परत फ्रीजमध्ये, झाकण न लावता, जाळीवर, खाली ताट. आणखी एक रात्र. उघडं ठेवायचं कारण फ्रीजमधली हवा कोरडी असते, पट्टी सुकत जाते. झाली की नाही हे बोटाने कळतं, कच्चं चिकन दाबलं की बोट आत जातं, झालेली पट्टी दाबलीत तर परत उठते, रंग गुलाबीचा पिवळट-अर्धपारदर्शक झालेला असतो, आणि दोन टोकं धरून ओढलीत तर ताणते पण फाटत नाही. लवचिक असायला हवी. पार वाळून लाकूड झाली तर गळ टोचताना तडकेल, आणि मग तिच्यातून वासही सुटत नाही, जास्त खारवण्याचा हाच तोटा आहे, आमिष दणकट होतं पण मुकं होतं. त्यामुळे दोन रात्री बास. चार दिवस मिठात ठेवलेलं मी चिंबोऱ्यांच्या जाळ्यात बांधायला वापरतो, गळाला नाही.

उन्हात वाळवू का असं विचाराल, तर चिकन उन्हात नको. माश्या बसतात, अंडी घालतात, दुसऱ्या दिवशी वळवळ. वरून आपल्या सोसायटीत मांजरं नी कावळे. आणि पावसाळ्यात तर फ्रीजबाहेर सुकवायचा विचारच सोडा, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळतं, कोकणात जून ते सप्टेंबर तेवढी आर्द्रता कायमच असते, तुम्ही पंख्याखाली कितीही ठेवा, पट्टी ओलीच राहणार. पुण्यात उन्हाळ्यात मात्र पंख्याखाली चार-पाच तासांत छान होतं.

मसाल्याचं. इथे जितकी तोंडं तितकी मतं आहेत. अमेरिकेत कॅटफिश म्हणजे मिशाळ मासे धरणारे लोक चिकन ब्रेस्टला मीठ, लसूण पावडर आणि कूल-एड नावाची सरबताची पावडर लावतात, लालभडक रंग येतो, त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडे बरेच जण करायला लागलेत. लसूण घाला, नुकसान नाही. ठेचून घाला, पावडर मिळाली तर पावडर, चमचाभर पुरे. लसणाने मासे ओढले जातात का यावर मी पैज लावणार नाही, पण हाताचा साबणाचा, पेट्रोलचा, तंबाखूचा वास झाकला जातो एवढं नक्की, आणि तंबाखू मळून त्याच हाताने आमिष लावणारे खूप बघितलेत.

पण आलं-लसूण पेस्ट अजिबात नको. घरात तीच असते म्हणून लोक तीच टाकतात आणि मग आमिष मऊ पडतं. आल्यात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, कच्च्या पपईत असतं तसलंच. दोन्ही बिर्याणीला उत्तम, गळाला नाही. लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ, दही हेही नको, आंबटाने वरून पांढरं शिजल्यासारखं होतं नी भुगा पडतो. थोडक्यात मॅरिनेट करायचं नाहीये. हिंग, मेथी, बडीशेप, व्हॅनिला हे सगळं कणकेच्या गोळ्याला ठेवा, रोहू-कटल्यासाठी, त्यांचा हिशोब वेगळा. हळद लावलीत तर चालेल, पिवळा रंग येतो, माझ्या मते त्याहून जास्त काही होत नाही. लाल रंगाचं म्हणाल तर पाण्यात सगळ्यात आधी लालच नाहीसा होतो, थोडं खोल गेलं की लाल तुकडा काळपट दिसतो, आणि आपली गढूळ पाणी नी रात्रीची वेळ, तिथे रंग बघतंय कोण. तो रंग बोटांना मात्र चार दिवस राहतो.

शिंगटी-शिवडा डोळ्यांनी जेवत नाहीत फारसे. या मिशाळ माशांच्या मिशांवर नी अंगाच्या कातडीवरसुद्धा चव घेणाऱ्या पेशी असतात, अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशवर याचा बराच अभ्यास झालाय, त्यांना मांसातून पाण्यात उतरणारी अमिनो ॲसिडं फार पातळ झाली तरी कळतात. हे सगळं पाण्यात विरघळणारं असतं. म्हणूनच आमिषावर तेल ओतायची जी पद्धत आहे, म्हणजे माशाचं तेल, मोहरीचं तेल, ती मला अर्धवट वाटते, तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत जातं नी मासा खाली तळाला. लावायचंच तर दोन थेंब.

आणि आता सडवण्याबद्दल बोलतो कारण हे खूप चालतं, डब्यात चिकन घालून उन्हात चार दिवस ठेवायचं, "जेवढा घाण वास तेवढा मोठा मासा". नाही हो. सडलेल्या मांसात धागेच उरत नाहीत, गळावर टिकणार काय, परत तो सगळा अमोनियाचा वास. मांगूरसारखा मासा घेईल, तो काहीही घेतो, पण शिवडा हा शिकारी आहे, त्याला ताजं लागतं, आणि जिताड्याला तर त्याहून ताजं. खारवलेलं आमिष उघडल्यावर नुसता मिठाचा नी कच्च्या मांसाचा वास आला पाहिजे. आंबूस, गोडसर, नाकाला झोंबणारा वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर मीठ कमी पडलं होतं, फेकून द्या, वर आणखी मीठ टाकून ते परत चांगलं होत नाही.

मांगूर निघालाच तर एक सांगतो, पुणे-सोलापूर पट्ट्यात तो बराच लागतो. आफ्रिकन मांगूर, लोक थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे कारण बाकीचे मासे खाऊन संपवतो. तो परत पाण्यात सोडू नका.

साठवण. तयार पट्ट्या पाच-सहाच्या हिशोबाने छोट्या झिपलॉक पिशवीत, हवा काढून, थोडं मीठ भुरभुरून फ्रीजरमध्ये. गंमत अशी की त्या दगड होत नाहीत. घरचा फ्रीजर उणे १८ अंशाच्या आसपास असतो आणि चांगलं खारट पाणी उणे २१ पर्यंत गोठत नाही, त्यामुळे पट्टी फ्रीजरमधून काढली तरी वाकते, लगेच गळाला लावता येते. हीच परीक्षा पण आहे, तुमची पट्टी फ्रीजरमध्ये बर्फासारखी कडक झाली तर समजा आत मीठ पोचलेलं नाही. परत राहिलेल्या पट्ट्या मीठ लावून पुन्हा ठेवता येतात, कच्च्या चिकनचं तसं जमत नाही, एकदा वितळलं की पुन्हा गोठवून लगदाच. चिकन असं सहा महिने आरामात राहतं. बांगडा-तारली एवढं नाही राहत, त्यांचं तेल हवेने खवट होतं, दोन-तीन महिन्यांत संपवा.

फ्रीज नसेल किंवा फ्रीजमध्ये ठेवू देत नसतील, आमच्याकडे श्रावणात फ्रीजमध्ये अंडंसुद्धा राहत नाही तर चिकन कुठे, तर मग बरणी. उकळून गार केलेल्या पाण्यात जाडं मीठ टाकत राहायचं, ढवळत राहायचं, विरघळायचं थांबलं आणि तळाला मीठ तसंच दिसायला लागलं की पाणी तयार, लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या वर मीठ लागतं त्याला. यात आधी सुक्या मिठात एक रात्र पाणी काढून घेतलेल्या पट्ट्या टाका (ही एक रात्र बर्फाच्या खोक्यात ठेवा, फ्रीज नसेल तर), पट्ट्या पूर्ण बुडलेल्या राहिल्या पाहिजेत, तरंगत असतील तर वर काहीतरी दाबण ठेवा, आणि वरून अजून मूठभर मीठ. तळाला न विरघळलेलं मीठ कायम दिसत राहिलं पाहिजे, ते संपलं म्हणजे मांसातल्या पाण्याने खार पातळ झालाय, अजून टाका. बाल्कनीत सावलीत महिनाभर टिकतं. फ्रीजरच्या पट्टीइतका रस राहत नाही हे खरं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं, आणि पावसाळी बंदीत बाजारात ताजी मासळी महाग असते तेव्हा हीच बरणी कामाला येते.

बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मांसाच्या पट्ट्या नी लोणच्याची बरणी शेजारी ठेवणारे महाभाग आहेत. आणि मीठ लावलं म्हणजे जंतू मेले असं समजू नका, त्यांची वाढ थांबते एवढंच, कच्च्या चिकनवरचे साल्मोनेलासारखे जंतू मिठातही तग धरतात. सुरी, पाट, डबा वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातला वापरू नका, आणि पाण्यावर वडापाव खायच्या आधी हात धुवा साबणाने, नदीच्या पाण्यात खळबळून नाही.

इंटरनेटवर या विषयाचं वाचताना अजून एक गोंधळ होतो. माणसांच्या खाण्यासाठी बेकन वगैरे करतात त्यात गुलाबी मीठ वापरतात, नायट्राइटवालं, ते आपल्याला लागत नाही, आणि ते आपलं उपवासाचं सैंधव नव्हे, चुकून जेवणात गेलं तर विषबाधा होते. तसंच सॅमन माशाची अंडी आमिषासाठी टिकवायला तिकडे बोरॅक्स नी सोडियम सल्फाइट वापरतात, ती कृती अंड्यांची आहे, चिकनला लागू नाही. फॉर्मॅलिनचं तर नावच नको. मीठ सोडून दुसरं रसायन या कामाला लागतच नाही.

कलेजी. कलेजी मिठात घट्ट होते पण फक्त वरून, आत तशीच गुळगुळीत. अंगठ्याएवढे तुकडे करा, जाड मीठ लावून जाळीवर तीन-चार तास ठेवा, रात्रभर नको, रक्त सगळं निघून गेलं तर कलेजीत उरलं काय. मग गळाला लावून वर बारीक इलॅस्टिक दोरा सात-आठ वेढे गुंडाळा, गाठ मारायची गरज नाही, ताणून तोडला की आपोआप धरतो. तोही नसेल तर पातळ नायलॉनचे जुने मोजे कापून त्यात पुरचुंडी. फेकताना झटका न देता हळू, बाजूने फेकायचं.

खाडीसाठी मात्र मी चिकनच्या आधी बांगडा सांगेन. बांगड्याची फाक काट्यापासून सोडवा, कातडी ठेवा, कातडी हाच खरा आधार आहे. तिरप्या पट्ट्या कापा, एका बाजूला रुंद नी दुसऱ्या टोकाला निमुळत्या, गळ रुंद बाजूने कातडीतून दोनदा आत-बाहेर. चौकोनी तुकडा ओढीच्या पाण्यात भिंगरीसारखा फिरतो नी दोर पीळ खातो, निमुळती पट्टी सरळ राहते. मीठ वजनाच्या पाव भाग, सहा-आठ तासांत होते कारण मांस पातळ असतं. तारली मुळात इतकी मऊ की ताजी गळावर टिकतच नाही, खारवली की एकदम वेगळीच होते, खारवण्याचा सगळ्यात जास्त फायदा कुठे होत असेल तर तारलीत. कोळंबीचं डोकं आधी काढा, सगळ्यात आधी तेच खराब होतं आणि बाकीची कोळंबी पण मऊ करतं, मग सालासकट मिठात तीन तास, नंतर सोलून परत थोडं मीठ. माकूळ (स्क्विड) मुळातच चिवट, त्याला मीठ फक्त टिकण्यासाठी. बाजारातला सुका खारा बांगडा चालेल का तर चालतो, अर्धा तास पाण्यात टाकून मऊ करून, पण उन्हात रस गेलेला असतो त्यामुळे चिंबोऱ्यांना ठीक, शिंगाळ्याला कधीतरी.

अपेक्षा पण नीट ठेवा. खारवलेलं आमिष जिवंत कोळंबीची जागा घेत नाही. जिताडा, तांबोशी हे हलणारं धरतात, त्यांच्यासाठी जिवंत बोय किंवा कोळंबी मिळत असेल तर खारवलेलं डब्यातच राहू द्या. पण शिंगाळा, वाम, पाखट, करकरा, रात्री कधी गोबरा, यांना चालतं, आणि मुख्य म्हणजे जिथे चिंबोऱ्या नी बारीक मासे दोन मिनिटांत गळ साफ करतात तिथे खारवलेल्या चिकनची पट्टी शाबूत राहते. मला चिकनचा खरा उपयोग तिथेच वाटतो. गोड्या पाण्यात शिंगटीला सगळ्यात भारी, शिवड्याला पट्टी मोठी लावा. मरळ घेते पण तिला बेडूक द्या, ती खूश नी तुम्ही पण.

धरणात नी खाडीत एक फरक पडतो. गोड्या पाण्यात पट्टीतलं मीठ झपाट्याने बाहेर जातं, पट्टी परत पाणी पिते, पाऊण तासात पांढरी नी फुगलेली दिसायला लागते, अजून गळावर असते पण चव निघून गेलेली असते. अर्ध्या-पाऊण तासाने बदला, टिकतेय म्हणून तीच ठेवू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतंच, तिथे हे हळू होतं, दीड तास निवांत जातो. लावायच्या आधी पट्टी पाण्यात एकदा बुडवून वरचं मीठ झटकलं तर बरं, मीठाचे खडे गळाच्या टोकाला नी रीलला गंज आणतात.

गळ १/० ते ३/० नंबरचा शिंगटीला, शिवड्याला ५/० पर्यंत (पहिला आकडा मोठा तसा गळ मोठा). सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरत असाल तर पट्टी एकदाच, टोकाला टोचा आणि गळाचं टोक पूर्ण उघडं ठेवा, खारवलेलं मांस कडक असतं, टोक त्यात रुतून बसलं तर मासा तोंडातून ओढून नेतो नी गळ लागतच नाही. साध्या, इंग्रजी J च्या आकाराच्या गळाला दोनदा-तीनदा ओवून मागे सरकवा.

आमच्याकडे येणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागतं, वाशिष्ठीत मगरी आहेत आणि चांगल्या मोठ्या आहेत. कोयनेच्या वीजघरांचं पाणी याच नदीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात पण पाणी असतं नी ते अचानक चढतं. पाण्याच्या कडेला बसून चिकन कापायचं नाही, रक्ताचं पाणी तिथेच ओतायचं नाही, कोंड्याचे गोळे टाकायचे तर बसायच्या जागेपासून लांब, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. घरी कापून, खारवून, पिशवीत आणलेलं आमिष असलं की काठावर सुरी काढायची वेळच येत नाही. आणि तुमच्याकडे धरणावर मासेमारीचा ठेका कुठल्या तरी मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय बसू नका, पिण्याच्या पाण्याचं धरण असेल तर उरलेली पट्टी, पिशवी काहीही तिथे टाकू नका.

पहिल्यांदा करताय तर अर्धा किलोच करा, त्यातल्या निम्म्या पट्ट्या एक रात्र नी निम्म्या दोन रात्री ठेवा, वेगळ्या पिशव्यांत, दोन रॉडवर एकाच वेळी लावून बघा. तुमच्या पाण्यात बारीक मासे किती कुरतडतात त्यावर ठरेल कुठली बरी, कुरतडणारे नसतील तर एका रात्रीची मऊ पट्टी जास्त चालेल, तिचा रस जास्त सुटतो.